उजवं कोपर आणि पाच वकील

मे २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात माझे मामा कराडहून तासगावकडे मोटारसायकलवर निघाले होते. महामार्गावर ओव्हरटेक करणारा मालट्रक घासून गेला आणि ते उजव्या हातावर आपटले. डोक्याला हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. दंडाच्या हाडाचं कोपराकडचं टोक मात्र चुरा झालं. मिरजेत ऑपरेशन झालं, दोन प्लेटा बसल्या, अकरा दिवसांनी घरी सोडलं. तीन महिन्यांनी चित्र असं होतं : कोपर अर्धवट वाकतं, पुरतं सरळ होत नाही आणि करंगळीकडच्या दोन बोटांत मुंग्या कायमच्या.

मामांचं वय ४२. तासगाव तालुक्यात त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, द्राक्षबागांच्या मांडवाचे अँगल आणि हंगामात बेदाणा शेडचे रॅक. ग्राइंडर दोन्ही हातांनी धरावा लागतो, हे मी वेगळं सांगायला नको. पण अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या न्यायाधिकरणाला ते वेगळं सांगावं लागतं. हे सगळं प्रकरण त्या एका गोष्टीभोवती फिरतं, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

मी सांगलीत एका पतसंस्थेत हिशेब बघतो. वकिली माझा विषय नाही. पण घरात इंग्रजी कागद वाचणारा मी एकटा, त्यामुळे वकील शोधायचं काम माझ्याकडे आलं. आम्ही पाच दरवाजे वाजवले. खरं तर चारच. पहिला दरवाजा स्वतःच चालत आमच्याकडे आला.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ड्रेसिंगच्या खोलीबाहेर एक गृहस्थ भेटले. हातात फाइल, खिशाला दोन पेनं. पुण्याच्या मोठ्या फर्मचं नाव सांगितलं. "पंधरा लाख कुठं गेले नाहीत. आत्ता एक रुपया देऊ नका. पैसे आले की तीस टक्के आमचे." पुढे कोरं वकीलपत्र आणि सहीचे दोन कोरे चेक. मामा औषधाच्या गुंगीत होते, तयारही झाले असते. मामींनी विचारलं, "सही कुठल्या हातानं करायची? का डावा अंगठा लावायचा?" गृहस्थ म्हणाले, अंगठाही चालेल. मामी म्हणाल्या, "मग ऱ्हाऊ दे. आधी हात तर बरा हुंदे."

मामींना कायदा माहीत नव्हता, पण त्या बरोबर होत्या. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा मागणं बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत वकिलांना मना आहे. काम मिळवण्यासाठी दलाल फिरवणंही मना आहे. डिसेंबर २०१७ मध्ये बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका असाच वाद आला होता. मोटार अपघाताची भरपाई, तिच्या टक्केवारीवर ठरवलेली वकिलाची फी आणि त्यापोटी घेतलेला चेक न वटल्याची फिर्याद. न्यायालयाने टक्केवारीची फी बेकायदा ठरवली आणि फिर्याद रद्द केली. तरी टक्केवारी सगळीकडे चालते, हे कोर्टाच्या आवारात चहा पिणारा कुणीही सांगेल. अगदी प्रामाणिक वकीलही काही वेळा गरीब पक्षकाराच्या सोयीसाठी तसं काम घेतात, त्यामुळे टक्केवारीचं नाव काढलं की माणूस चोर, असं मी म्हणणार नाही. कोरा चेक मागणारा मात्र नको.

(जाता जाता : रस्ते अपघातातल्या जखमींना पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार देणारी केंद्राची योजना ५ मे २०२५ रोजी अधिसूचित झाली होती. आमचा अपघात त्यानंतरचा. रुग्णालयाच्या काउंटरवर तिचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. मामींच्या पाटल्या गहाण पडल्या.)

दुसरा दरवाजा पुण्याचा. तो मी स्वतः शोधला. पॉश ऑफिस, फोन उचलणारी वेगळी माणसं, व्हिडिओ कॉलवर अर्धा तास नीट बोलणं. माणसं हुशार होती आणि त्यांनी मला फसवलं नाही, हे मुद्दाम लिहितो. त्यांचं म्हणणं असं की दावा पुण्यात लावू. विमा कंपनीचं कार्यालय तिथे आहे आणि तेवढ्या आधारावर दावा चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मालती सरदार प्रकरणात मान्य केलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे अपघात झाला तिथे, अर्जदार राहतो तिथे किंवा सामनेवाला राहतो तिथे दावा लावता येतोच. म्हणजे आमच्यापुढे कराडकडचं न्यायाधिकरण, सांगली आणि पुणे असे तिन्ही रस्ते खुले होते.

मी विचारलं, "मिरजेचे डॉक्टर साक्षीला पुण्याला कसे येणार?"

"बहुतेक गरज पडत नाही. सर्टिफिकेट लावू. लोकअदालतीत मिटतं."

त्या वेळी मला हे उत्तर समाधानकारक वाटलं होतं. ते का नव्हतं, हे कळायला एक रविवार जावा लागला.

त्या रविवाराचं श्रेय तिसऱ्या दरवाजाला. मामींच्या माहेरकडचे एक नातेवाईक तासगावला वकिली करतात. घरचा माणूस म्हणून सगळ्यांचा कल तिकडेच होता आणि नाही म्हणायची सोय नव्हती. ती सोय त्यांनीच करून दिली. "मी वाटणीचे आणि बांधाचे दावे चालवतो. क्लेमचं काम माझं न्हवं. माझ्याकडं दिलंत तर मी शिकत शिकत चालवीन, आणि शिकवणीची फी तुमच्या हाताची." एवढं स्पष्ट बोलणारा वकील मी दुसरा पाहिला नाही. त्यांनी सांगलीतली दोन नावं दिली आणि म्हणाले, "माझ्यावर पण इश्वास ठेवू नगा. ई-कोर्ट्सवर बघा."

ई-कोर्ट्सच्या साइटवर जिल्हा आणि न्यायालय निवडून वकिलाच्या नावाने प्रकरणं शोधता येतात. चालू किती, निकाली किती, शिवाय निकाली प्रकरणांतले निकाल उतरवून घेता येतात. तारीख पाहण्यासाठी ही साइट अनेकजण वापरतात. वकील पारखण्यासाठी वापरलेली मी कुणाकडून ऐकली नव्हती. मी त्या रविवारी जखमींच्या दाव्यांचे आठ निकाल वाचले. रकमा वेगवेगळ्या होत्या. पण जिथे अपंगत्वाची टक्केवारी न्यायाधिकरणाने कापली होती, तिथे बहुतेक वेळा एकाच अर्थाचं वाक्य सापडत होतं : अर्जदाराने प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीदार म्हणून तपासलेलं नाही. डॉक्टर पिंजऱ्यात आले आणि विमा कंपनीच्या वकिलाने त्यांचा उलटतपास घेतला, त्या निकालांत परिच्छेदच्या परिच्छेद हाताच्या हालचालींवर होते.

यामागे राज कुमार विरुद्ध अजय कुमार हा २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईचं नुकसान वेगळं, हे त्यात समजावून सांगितलं आहे. डावा हात तुटला तर डॉक्टर साठ टक्क्यांच्या आसपास अपंगत्व लिहितील. तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळपास शंभर टक्के बुडाली. सरकारी कचेरीतला कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते. शिवाय एका हाताचं किंवा पायाचं टक्केवारीत दिलेलं अपंगत्व म्हणजे संपूर्ण शरीराचं अपंगत्व नव्हे, हेही त्यात आहे. २०२० च्या पप्पू देव यादव प्रकरणात डेटा एंट्री करणाऱ्या तरुणाने उजवा हात गमावला होता. तिथे न्यायालयाने कमाईचं नुकसान ६५ टक्के धरलं आणि जखमीच्या दाव्यातही भविष्यातली उत्पन्नवाढ धरायची, असं सांगितलं.

मी हिशेबाचा माणूस. कागद घेऊन बसलो. पुढे शासकीय वैद्यकीय मंडळाने मामांच्या उजव्या हाताचं अपंगत्व ३८ टक्के लिहून दिलं, तोच आकडा इथे घेतो. समजा महिन्याचं उत्पन्न १८,००० सिद्ध झालं. वर्षाचे २,१६,०००. स्वतःचा धंदा आणि वय ४० ते ५० असेल तर २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे २५ टक्के वाढ, म्हणजे २,७०,०००. वय ४२ ला २००९ च्या सरला वर्मा निकालातला गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला वयाप्रमाणे ज्याने गुणायचं तो आकडा, १४. झाले ३७,८०,०००. न्यायाधिकरणाने डॉक्टरांचं आणि वर्कशॉपचं ऐकून कमाईचं नुकसान ४५ टक्के धरलं तर १७,०१,०००. नुसत्या प्रमाणपत्रावरून, हात म्हणजे पूर्ण शरीर नव्हे म्हणून, ३८ चं निम्मं करून १९ टक्के धरलं तर ७,१८,२००. उत्पन्नाचा पुरावा नाही म्हणून महिना १०,००० च धरले आणि नुकसान १९ टक्के, तर ३,९९,०००. दवाखान्याचा खर्च, वेदना वगैरे बाबी यात नाहीत.

अपघात तोच, कोपर तेच, आणि रक्कम चार लाखांपासून सतरा लाखांपर्यंत कुठेही. हा फरक मोठ्या नावाच्या फर्मने पडत नाही. मिरजेचा एक व्यस्त ऑर्थोपेडिक सर्जन कामाच्या दिवशी कोर्टात येऊन बसेल का आणि तासगावातला बेदाणा व्यापारी "हो, रॅक यांनीच केले, एवढे पैसे दिले" हे शपथेवर सांगेल का, यावर तो पडतो. दोघंही पुण्यापासून सव्वादोनशे किलोमीटर लांब. सांगलीचं न्यायालय त्या सर्जनच्या दवाखान्यापासून पाऊण तासाच्या आत. पुणे तिथेच गळालं. कराडकडेही दावा लावता आला असता, पण तिथे आमचं फक्त घटनास्थळ होतं. पंचनाम्याला साक्षीदार कमी लागतो, कोपराला जास्त.

आणखी एक गोष्ट त्याच दिवसांत घडली. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सांगली जिल्हा त्यात आहे. आधी निकालावर अपील म्हटलं की मुंबई, आता तासादीडतासाचा रस्ता. पुण्याच्या ऑफिसचं "वरच्या कोर्टातही आम्हीच" हे आकर्षण त्यामुळे आपोआप फिकं पडलं.

सांगलीतला पहिला वकील, म्हणजे चौथा दरवाजा, पाच मिनिटांत बंद झाला. नाव मोठं, क्लेमचं काम भरपूर. ट्रकच्या विमा कंपनीचं नाव ऐकताच त्यांनी हात जोडले. "ही कंपनी माझ्याकडे आहे, मी त्यांच्या पॅनलवर आहे." चहा पाजला आणि पाठवलं. त्यांनी सांगितलं म्हणून कळलं. मी विचारलं नव्हतं, विचारायला हवं होतं.

पाचवं ऑफिस जिल्हा न्यायालयाच्या जवळच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. वडील, मुलगी आणि दोन ज्युनिअर. दाराजवळच्या लोखंडी कपाटावर विमा कंपन्यांची नावं लिहिलेल्या फायली. मामांना बसवल्यावर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "लायसन्स चालू होतं का?"

मामा गप्प. मग म्हणाले, "चार म्हैने झालं हुतं संपून."

मी दचकलो. हे मलाही माहीत नव्हतं. आधीच्या चौघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "आज कळलं ते बरं. उलटतपासात कळलं असतं तर अवघड होतं." नुसतं लायसन्स नव्हतं म्हणून जखमीची चूक सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सुधीर कुमार राणा प्रकरणात म्हटलं आहे. धडक कशी झाली तेच बघायचं. ते पंचनाम्यातल्या टायरच्या खुणांवरून बघू, म्हणाल्या.

मग कागदांची मागणी सुरू झाली. एफआयआर, पंचनामा, ट्रकचा विमा, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं ही नेहमीची. पण त्यापुढे : वर्कशॉपचं लाइट बिल तीन वर्षांचं. लोखंडाच्या दुकानदाराची बिलं. उद्यम नोंदणी. फोन-पे आणि बँकेचे उतारे. अपघातानंतर मामांनी लावलेल्या वेल्डरला दिलेला पगार, त्याच्या सहीनिशी. आणि मामांची लाल वही, जिच्यात ते कामाची मापं आणि उचल लिहितात. मामांनी कधी प्राप्तिकर विवरण भरलं नव्हतं. मॅडमनी त्याला नाक मुरडलं नाही. "वही आणा," एवढंच म्हणाल्या.

मामांनी शेवटी विचारलंच, "वकीलसाहेब, किती मिळतील?"

वडील पहिल्यांदाच बोलले. "डॉक्टर आले तर एक आकडा, नाही आले तर दुसरा. आज कुठलाच सांगणार नाही."

खाली उतरल्यावर मामा नाराज होते. "त्या पहिल्यानं पंधरा तर सांगितलं हुतं." मी त्यांना म्हटलं, "मामा, त्यानं तुमचं कोपर तरी बघितलं का?" त्यांनी उत्तर दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी लाल वही घेऊन स्वतः एसटीने आले.

फी ठरली ४०,०००, तीन टप्प्यांत : दावा दाखल करताना, आमची साक्ष झाल्यावर आणि अंतिम युक्तिवादाला. टायपिंग, नोटीस, डॉक्टरांचा साक्षीचा खर्च वेगळा. दर वेळी पावती. निकालाच्या रकमेशी फीचा संबंध नाही, हे मी एका कागदावर लिहून घेतलं. वडिलांनी भुवया उंचावल्या, पण सही केली. वकीलपत्र पूर्ण भरलेलं वाचूनच सही झाली, डाव्या हाताने का होईना. प्रत्येक कागदाची प्रत आमच्याकडे राहील हेही ठरलं. पुढे मागे वकील बदलायची वेळ आली तर फी बाकी आहे म्हणून फाइल अडवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलं आहे. पण प्रती घरात असल्या की असा वाद घालायची वेळच येत नाही. आणि वकिलाविरुद्ध ग्राहक मंचात जाता येत नाही, हे मे २०२४ पासून ठरलेलं आहे. म्हणजे जी काही काळजी घ्यायची ती सही करण्याआधी.

एक चूक आमच्याकडून झाली ती लिहितो. अपंग व्यक्तीला, स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. १५१०० या क्रमांकावर चौकशी होते. आम्ही ती केलीच नाही. कदाचित तरी याच ऑफिसात गेलो असतो, पण पाटल्या गहाण असताना चौकशी न करणं हा शहाणपणा नव्हता.

दावा ऑक्टोबर २०२५ मध्ये दाखल झाला. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण आपल्या मामांच्या कोपरावर तो प्रयोग कशाला करायचा, असं मॅडमचं मत. मुदत संपायला महिना उरला होता आणि तो उशीर आमचा होता. त्यातले तीन आठवडे पोलीस ठाण्याच्या चकरांत गेले. नव्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. आम्हाला ट्रकच्या विम्याची प्रत तिसऱ्या फेरीला मिळाली.

ऑफिसात सगळं छान आहे असं नाही. फोन चार वेळा केल्यावर उचलतात. दोन तारखांना ज्युनिअर उभा राहिला आणि त्याला मामांचं नावही नीट आठवत नव्हतं. ट्रकमालक परराज्यातला, त्याची नोटीस बजावल्याशिवाय परत आली आणि ते आम्हाला मी ई-कोर्ट्सवर रोजनामा, म्हणजे तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद, वाचला तेव्हा कळलं. मी रागावून ऑफिसात गेलो. मॅडमनी माफी मागितली आणि नवा पत्ता आरटीओकडून आधीच मागवला असल्याचा कागद दाखवला. राग अर्धा उतरला.

डिसेंबरमध्ये विमा कंपनीकडून लोकअदालतीसाठी साडेतीन लाखांचा प्रस्ताव आला. घरात दोन तट पडले. मामी घ्या म्हणत होत्या, सोन्यावरचं व्याज त्या भरत होत्या ना. वडील वकिलांनी निर्णय आमच्यावर सोडला, फक्त दोन गोष्टी सांगितल्या : लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, आणि प्लेटा काढायचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे, त्याचा खर्च नंतर कुणाकडे मागणार? मी माझा जुना हिशेबाचा कागद काढला. सगळ्यात वाईट धरलं तर ३,९९,०००, आणि तेही दवाखान्याचं बिल सोडून. मामांनी तो कागद बराच वेळ धरला, मग डाव्या हाताने घडी घालून मामींकडे दिला. "तूच ठरव," म्हणाले. मामींनी तो बिलांच्या पत्र्याच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

सोन्यावरचं व्याज आता मी भरतो. मामांची साक्ष अजून व्हायची आहे, त्यानंतर डॉक्टरांची. डॉक्टर बुधवारी आणि शनिवारी ऑपरेशनं करतात, म्हणून मॅडमनी त्यांच्या साक्षीसाठी मंगळवार मागायचं आत्ताच ठरवून ठेवलं आहे. मिरजेला जाऊन त्यांना आणायचं काम माझ्याकडे.